सुखराम बंद चिठ्ठी नेत नाही

लाखनीपासून तीन कोस आत खैरीटोला आहे. १९८१ साली तिथं टपाल आठवड्यातून दोनदा यायचं, तेही पोस्टमनची सायकल धड असली तर. म्हणून जो ज्या गावाला निघाला, त्याच्या पिशवीत त्या गावच्या चिठ्ठ्या टाकायच्या, अशी तिथली रीत होती. कुणी साकोलीच्या बाजाराला निघतोय असं कळलं की अर्धा तास आधीपासून त्याच्या अंगणात बाया येऊन उभ्या. फक्त सुखराम कापगत्याजवळ चिठ्ठी द्यायची तर ती उघडी द्यावी लागे. चिकटवलेलं पाकीट तो हातात घेत नसे. "आधी वाचून दाखव, मंग नेतो," म्हणायचा. लोकांनी त्याची खूप थट्टा केली, त्याला पोस्टमास्तर म्हणून चिडवून पाहिलं, आणि शेवटी नाद सोडला. ख्यालीखुशालीची कार्डं सुखरामजवळ जाऊ लागली आणि सासूची गाऱ्हाणी दुसऱ्या कुणाजवळ.

हे खूळ त्याच्या डोक्यात कुठून शिरलं ते गावाला माहीत नव्हतं. घरातही माहीत नाही, अशी त्याची समजूत होती.

झालं होतं ते असं. सात वर्षांपूर्वी त्याच्या थोरल्या मुलीचं, बेबीचं, साकोलीकडच्या एका घरी जमलं होतं. घर भरलेलं, मुलगा एकुलता एक, शेताला तलावाचं पाणी. साक्षगंधाची तारीख ठरवायला सुखराम निघाला, तेव्हा बेबीनंच त्याच्या हातात पिशवी दिली आणि एक बंद पाकीटही दिलं. शेजारच्या लीलाबाईनं दिलंय म्हणाली, ती त्या सोयऱ्यांच्या लांबच्या नात्यातली आहे, घरच्या म्हाताऱ्याला द्या. सुखरामनं नेऊन दिलं. म्हातारा पाकीट घेऊन आत गेला, आणि बाहेर आला तेव्हा त्याचं बोलणं बदललेलं होतं. घाई कशाला, पाहू पुढं. आठ दिवसांनी मध्यस्थानं सांगितलं की मोडलं. पोरीला मिरगी येते असं त्या चिठ्ठीत लिहिलं होतं. बेबीला कधी साधी भोवळ आलेली नव्हती.

आपणच आपल्या हातानं नेऊन दिलं, हे सुखरामला सहन झालं नाही. घरी त्यानं सांगितलं की कुंडली जुळली नाही. लीलाबाईला जाब विचारावा तर चिठ्ठी नेली कुणी हे आधी कबूल करावं लागलं असतं. म्हणून त्यानं तिला काहीच विचारलं नाही, फक्त बोलणं बंद केलं. सात वर्षं. मधल्या कुडावरून लीलाबाईनं भाजी दिली तर ती परत जायची, तिच्या नातवाच्या बारशाला सुखरामच्या घरून कुणी गेलं नाही. ती बिचारी आपलं काय चुकलं हे शोधत राहिली. मिरगीची अफवा चार गावांत फिरली, बेबी तीन वर्षं घरी बसली, आणि मग पवनीकडच्या एका बेताच्या घरी तिचं लग्न झालं. दोन लेकरं आहेत, बरं चाललं आहे. पण तिचं चांगलं स्थळ आपण घालवलं, ही बोच सुखरामच्या मनातून गेली नाही.

आता विषय धाकटीचा होता. चंद्रकला भंडाऱ्याच्या कॉलेजातून समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाली, पहिल्या वर्गात. त्या गावातून मुलगी बी.ए. होणं हेच खूप होतं, आणि हिला पुढं मुंबईच्या एका संस्थेत एम.ए. करायचं होतं. समाजशास्त्र म्हणजे काय, हे सुखरामनं तिला एकदा विचारलं होतं. लोक एकमेकांशी कसे वागतात आणि तसेच काहून वागतात, ते शिकायचं, असं तिनं सांगितलं. हे तर पारावर बसून फुकटात शिकता येतं, असं तो म्हणाला होता. पण आडवा आला नाही. संस्थेत वसतिगृह होतं, वजिफाही, म्हणजे शिष्यवृत्तीही, मिळण्यासारखा होता, आणि रुखमानं, म्हणजे बायकोनं, पोरीची बाजू घेतली होती.

फॉर्म बारा पानांचा होता. तो वीस जूनपर्यंत मुंबईला पोचायला हवा होता. सगळं भरून झालं होतं, गावच्या हेडमास्तरांचं शिफारसपत्र आलं होतं. राहिलं होतं कॉलेजातल्या हटवार सरांचं. तेच महत्त्वाचं. पत्र बंद पाकिटात हवं, चिकटवलेल्या जागेवर सरांची सही हवी, पाकीट उघडलेलं आढळलं तर अर्ज बाद, असं फॉर्मवर ठळक अक्षरात छापलं होतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात चंद्रकलाला हिवतापानं धरलं. दिवसाआड थंडी वाजायची, तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत. सुखरामला धानाच्या बियासाठी भंडाऱ्याला जायचंच होतं. सरांकडून पाकीट आणायचं काम त्याच्यावर आलं.

सर खामतलावाजवळ राहत. त्यांनी सुखरामला खुर्ची दिली, चहा दिला, पोरीचं कौतुक केलं आणि पाकीट पुढं केलं. सुखराम ते घेईना. उघडं देता काय, म्हणून त्यानं विचारलं. सर हसले. उघडं चालत नाही, यात काय लिहिलं ते चंद्रकलालाही कळता कामा नये, असाच नियम आहे, असं त्यांनी सांगितलं. सरांच्या घरात, त्यांच्या चहावर, वाद कसा घालायचा? त्यानं पाकीट घेतलं.

एसटीत त्याच्या पायाशी बियाचं पोतं होतं आणि कोपरीच्या खिशात ते पाकीट. ज्याच्याबद्दल लिहिलं त्यालाच दाखवायचं नाही, हा कुठला नियम, हे त्याला कळेना. चांगलं लिहिलं असतं तर लपवायचं कशाला? सर गोड बोलले, पण साकोलीचा म्हाताराही पाकीट फोडेपर्यंत गोडच बोलत होता. एका पोरीचं आपण न विचारता पोचवलं, आता दुसरीचंही तसंच न्यायचं काय? लाखनी येईपर्यंत त्याचं ठरलं होतं.

लाखनीला हायवेला लागूनच भैय्याजीचं धानाच्या अडतीचं दुकान होतं. रायपूर-नागपूरच्या व्यापाऱ्यांशी त्याचा पत्रव्यवहार असे, इंग्रजी त्याला चांगलं येई, आणि सुखरामचा माल वर्षानुवर्षं त्याच्याकडेच जायचा. दुपारची वेळ, दुकानात दुसरं कुणी नव्हतं, बाहेर ट्रकांची ये-जा चाललेली. भैय्याजीनं पाकीट उलटंसुलटं केलं.

"याच्यावर सही हाये, सुखराम. हे खोलाचं नसते."

"सही सरची हाये, पोरगी माही हाये. खोला."

डिंक हलका होता. भैय्याजीनं चाकूचं पातं सरकवलं आणि पाकीट जरासुद्धा न फाटता उघडलं. दोन पानं टाइप केलेली होती. एकेक वाक्य मनात वाचून तो आपल्या बोलीत सांगू लागला. मुलगी अत्यंत हुशार, मेहनती. इंग्रजी अजून कच्चं आहे, पण सहा महिन्यांत सुधारेल. सुखरामला हायसं वाटलं. पुढं होतं की शेवटच्या वर्षाला तिनं आपल्या भागातल्या मोडलेल्या सोयरिकींवर अभ्यास केला. घरोघर फिरून, बायांशी बोलून, तेवीस सोयरिकी का मोडल्या ते शोधून काढलं. असं काम एम.ए.ची मुलंही करत नाहीत, असं सरांचं मत होतं.

पान उलटलं आणि भैय्याजी थांबला. बाकीचं असंच आहे, कौतुकच आहे, म्हणून त्यानं पानं मिटली. त्याच्या तोंडाकडे पाहून सुखराम म्हणाला, "वाचा. जे हाये ते वाचा."

भैय्याजीनं वाचलं. तेविसांपैकी एक सोयरीक चंद्रकलानं आपल्या लेखनातून वगळली, ती फक्त सरांना तोंडी सांगितली. त्या घरात थोरल्या मुलीलाच ते लग्न नको होतं. तिनं स्वतःला मिरगी येत असल्याची चिठ्ठी स्वतःच लिहवून घेतली आणि बापाच्याच हातून मुलाच्या घरी पोचवली. बापाला आजही ते ठाऊक नाही. गुण मिळवायला एवढं उत्तम उदाहरण हाताशी असूनही, ते छापलं तर एका घराचं नुकसान होईल म्हणून या मुलीनं ते सोडलं. संशोधन करणाऱ्या माणसाला लागणारी ही समज शिकवून येत नाही, असं लिहून सरांनी खाली सही केली होती.

घराचं नाव कुठंच नव्हतं. दोघांनाही त्याची गरज नव्हती.

भैय्याजी बराच वेळ वहीतल्या कागदांशी चाळा करत राहिला. मग, आपल्या तोंडून हे बाहेर जाणार नाही, असं म्हणाला. थोडी खळ लावली की पाकीट पहिल्यासारखं होईल, सही जशीच्या तशी आहे, कुणाच्या बापाला कळणार नाही. सुखरामनं पाकीट तसंच खिशात घातलं आणि पोतं खांद्यावर घेतलं.

घरी त्यानं सांगितलं की सर भेटले नाहीत, गावाला गेलेत.

दोन दिवस असे गेले. त्याला राग आला होता, आणि तो नेमका कुणावर हे ठरत नव्हतं. बेबीवर, की तिनं बापाला हमाल केलं. चंद्रकलावर, की घरातली गोष्ट तिनं परक्या माणसाला सांगितली. सात वर्षं आपण एका निरपराध बाईशी अबोला धरला, जिवाला खात राहिलो, आणि या दोघी बहिणी सगळं जाणून गप्प बसल्या. आपल्याच ताटात जेवून आपल्याला मूर्ख बनवलं, असं त्याला वाटलं. खिशातलं पाकीट तिथंच राहिलं तर वीस तारीख आपोआप उलटून जाईल, हेही त्याच्या ध्यानात आलं. कुणाला नाही म्हणावं लागणार नाही. तो विचार त्याला दिवसभर बरा वाटला आणि रात्री जेवताना नकोसा झाला, कारण समोर चंद्रकला तापानं पिवळी पडलेली, बोटांवर दिवस मोजत होती.

तिसऱ्या दिवशी, पंधरा जूनला, तिचा ताप उतरला. सकाळीच वेणी घालून ती तयार झाली. सर आले असतील, नसतील तर त्यांच्या दारात बसून राहीन, पण आज पाकीट घेऊनच येईन, असं तिनं आईला सांगितलं. रुखमा म्हणाली, उभं राहायची ताकद नाही, एसटीत पडशील. सुखराम ओसरीत परे टाकायचं, म्हणजे धानाच्या रोपांचं, बी निवडत बसला होता. तो उठला, खुंटीवरच्या कोपरीतून त्यानं पाकीट काढलं आणि तिच्यासमोर धरलं.

"सर होते त्या दिवशी. म्याच खोटं सांगतलं."

चंद्रकलानं पाकीट घेतलं. उघडं आहे हे तिला लगेच दिसलं. आतली पानं तिनं काढली नाहीत, त्या वेळीही नाही.

"कोणाकडून वाचून घेतलं?"

"भैय्याजीकडून. बेबीचं समजलं मले."

ती खाली बसली. रुखमाला काही कळेना, ती एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. चंद्रकलाचं तोंड उतरलं. सर ते लिहितील असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणाली. मग थोड्या वेळानं, आता फॉर्म जात नाही, एवढंच म्हणाली आणि पाकीट चुलीपाशी नेऊ लागली. सुखराम म्हणाला की भैय्याजी खळ लावून देतो म्हणतो, मुंबईत कोणाले समजते.

"मले समजते ना, बाबा," ती म्हणाली.

आता सुखराम मोकळा होता. अर्ज जाणार नव्हता, पोरगी घरी राहणार होती, आणि नाही म्हटल्याचा ठपकाही त्याच्यावर नव्हता. तो गोठ्यात गेला. बैलांपुढं तणस टाकलेलंच होतं, ते त्यानं उगाच सारखं केलं. मुलीनं परीक्षेच्या गुणांसाठी बहिणीची गोष्ट विकली नाही, हे त्याच पाकिटात लिहिलं होतं. आणि ते पाकीट फोडून आपण तीच गोष्ट हायवेवरच्या दुकानात उघड्यावर मांडली. राग कुणावर आहे, ते त्याला तिथं नीट कळलं. बाहेर येऊन त्यानं धोतराचा सोगा झटकला आणि म्हणाला, "चाल, भंडाऱ्याले. सरले मी सांगतो."

हटवार सरांनी उघडं पाकीट पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. एवढं स्पष्ट सांगून, एवढं छापून, शिकलेल्या मुलीच्या घरात असं होतं म्हणजे काय? सुखरामनं ऐकून घेतलं. मग उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं, साकोलीचा म्हातारा, पिशवी, बंद चिठ्ठ्या न नेण्याचं खूळ, लीलाबाई. आपणच तो बाप, हे शेवटी सांगितलं. कुणाजवळ हे तो पहिल्यांदाच बोलत होता, आणि तेही मुलीसमोर.

सरांचा आवाज खाली आला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चंद्रकलाकडे न बघता ते म्हणाले, "ही गोष्ट कुठं लिहिणार नाही, असा शब्द मी तुला दिला होता. बंद पाकीट आहे, कोण वाचतंय, असं मला वाटलं. आधी मी उघडलं, तुझ्या वडिलांनी मागाहून."

त्यांनी जुनी पानं फाडली आणि मशीनवर कागद चढवला. नवं पत्र दीड पानाचं झालं. ती गोष्ट त्यात नव्हती. पाकीट चिकटवून, सही करून त्यांनी ते सुखरामपुढं धरलं. सुखराम म्हणाला, तिच्याच हाती द्या.

फॉर्म अठरा तारखेला पोचला, मुलाखतीचं बोलावणं आलं आणि जुलैत चंद्रकला मुंबईला गेली, हे आताच सांगून टाकलेलं बरं. त्या दिवशी मात्र दोघांपैकी कुणालाही ते माहीत नव्हतं. भरलेला फॉर्म ते सोबत घेऊनच आले होते. पोस्टात रांग होती. रजिस्टरची पावती हातात आली तेव्हा तीन वाजले होते. तापातून उठलेली चंद्रकला पोस्टाच्या पायरीवर बसली आणि सुखराम तिच्या शेजारी.

मग तिनं सांगितलं की बेबीला जेमतेम सही येते. ती चिठ्ठी आपल्या हातची होती. त्या वेळी चंद्रकला चौदा वर्षांची होती. बेबी सांगत गेली, हिनं लिहिलं. मिरगी हा शब्द लिहिताना हिचा हात थांबला, तेव्हा बेबी म्हणाली, लिही, दुसऱ्या कशानं ते लोक मागं हटायचे नाहीत. त्या मुलाला बेबीनं साकोलीच्या बाजारात पाहिलं होतं. आपल्या आईला तो लोकांसमोर लाथ मारत होता.

सुखरामनं हे ऐकलं. तो बोलला, तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार होती, खरीखुरी, दुखावलेल्या माणसाची.

"मले सांगता नव्हतं येत? मी काय बळजबरी केली असती? एक बार सांगाचं होतं मले."

बापाकडे न बघताच चंद्रकला हळू बोलली.

"तीन बार सांगतलं बेबीनं. एकदा तुमी जेवत होते. एकदा बांधावर, मी होती संगं. अन् एकदा तुमी निघून राहिले होते तवा. दारात."

जेवतानाचं त्याला आठवेना. बांधावरचंही आठवेना. पण दारातलं आठवलं. साकोलीची गाडी गाठायची घाई होती. बेबी पिशवी दोन्ही हातांनी धरून दारात उभी होती, देत नव्हती, आणि काहीतरी म्हणत होती. तो म्हणाला होता, आल्यावर बोलू. तेव्हा ती आत गेली, बाहेर आली आणि तिनं पिशवी दिली. पाकीट तिनं त्यानंतर दिलं होतं.

आल्यावर त्यानं विचारलं नव्हतं.

तो पायरीवरून उठला आणि तिला घेऊन एसटी स्टँडवर आला. खैरीटोल्याचं एक ओळखीचं माणूस लाखनीच्या गाडीत बसलं होतं, त्याच्यासोबत त्यानं चंद्रकलाला बसवलं आणि आईला सांग म्हणाला, मी उद्या येतो. मग चौकशीच्या खिडकीवर जाऊन त्यानं पवनीची, बेबीच्या गावाकडची, गाडी किती वाजता आहे ते विचारलं. पाऊण तास होता. तो बाकावर बसून राहिला.